जर्मनची वाटी

जालना मागं पडलं आणि सायलीच्या छातीत पहिली कळ आली. घड्याळ बघायची गरज नव्हती. याच वेळेला तिची राजनंदिनी उठायची. सात महिन्यांची पोर छावणीतल्या घरी आजीच्या मांडीवर, आणि आई एकटीच हैदराबादच्या गाडीत. बियाणं कंपनीत मुलाखत होती. नवऱ्याला, सत्यमला, बिडकीनच्या कारखान्यातून सुट्टी मिळाली नव्हती.

निघताना सासूबाई, भागूबाई, दारात म्हणाल्या होत्या, "तीन दिवस म्हणजे लई झाले. दर तीन घंट्याला दूध काढत राहा, नसता आटंल. अन् संडासात नको सांडू. झाडाच्या बुडाला घाल."

सायली एम.एस्सी. झालेली. यातलं अर्धं शास्त्र होतं आणि अर्धं नव्हतं, हे तिला कळत होतं. तरी तिनं स्टीलचा पेला वीस मिनिटं उकळला आणि पोरीच्या धुतलेल्या लंगोटात गुंडाळून घेतला. तीन दिवसांनी घरी गेल्यावर पोरीनं तोंड लावावं आणि काही येऊ नये, याचीच तिला धास्ती होती.

डबा मात्र असा की कुठं हात ठेवावा कळेना. सीट चिकट, खिडकीच्या गजांवर वाळलेले पिचकाऱ्यांचे ओघळ. वरच्या बर्थवरून एका माणसाचे मोजे घातलेले पाय तिच्या नाकासमोर लोंबत होते, तोंडात गुटखा. समोर पैठणकडची, मेंढ्या राखणारी नवरा-बायको. म्हातारा भिकन आणि त्याची बायको बानाबाई. त्यांच्या घोंगड्याचा कळपासारखा वास सगळ्या कप्प्यात भरून राहिला होता. आणि भिकनचे डोळे आलेले. लालभडक, पापण्यांच्या कडांना पिवळं चिकटलेलं. तो बोटाच्या पेरानं ते काढायचा आणि त्याच हातानं पिशवीतले शेंगदाणे पुढं करायचा.

"घे पोरी."

"नको, काका. उपास आहे," सायली खोटं बोलली आणि आणखी खिडकीला खेटली. डोळे आले आणि आपण ते घरी नेले तर?

शेवटी तिनं पेला काढून खिडकीखालच्या फळीवर ठेवला आणि आधी संडास बघून यावं म्हणून गेली. दार ढकललं आणि तशीच मागं फिरली. पाणी नव्हतं, आणि जे होतं ते सगळीकडं होतं. इथं उभं राहून पोरीचं दूध काढणं तिला जमणार नव्हतं.

परत येऊन बघते तर पेल्यात लाल थुंकी.

"हे काय केलंत तुम्ही?"

वरचा माणूस वाकला. "रिकामा होता ना."

"रिकामाच होता."

"मग?" तो म्हणाला आणि कुशीवर वळला.

सायलीनं पेला कागदात धरून कचऱ्याच्या डब्यात टाकला. हात बाटलीतल्या पाण्यानं तीनदा धुतले. तोवर कुर्त्यावर ओलं उमटायला लागलं होतं. ओढणी आवळून ती बसली, तर खांदेसुद्धा दुखायला लागले.

बानाबाई मघापासून बघत होती. "लेकरू घरी हाय व्हय? कास भरलीय तुझी."

सायलीचे कान तापले. "मावशी, हळू बोला."

"हळूच बोलते. शेळीचं करडू दगावलं की अशीच दगडावानी होती. पिळली नाय तर गाठ धरती."

"मी काय शेळी आहे का?"

"शेळी बरी. बोंबलून सांगती तरी." बानाबाईनं घोंगडं उचललं. "हो कोपऱ्यात. ओ, तुमी तिकडं तोंड करा."

"मला दिसतंय कुठं," भिकन म्हणाला, पण वळला.

बानाबाईनं पिशवीतून जर्मनची वाटी काढली. अ‍ॅल्युमिनियमची, चेपलेली, काठाला वाळलेलं पिठलं. ती तिनं पदरानं पुसली. याच पदरानं तिनं मघाशी नवऱ्याचे डोळे पुसले होते. सायलीनं वाटी हिसकावल्यासारखी घेतली आणि उरलंसुरलं पाणी ओतून खिडकीबाहेर खळबळली. मग तिच्या डोक्यावर घोंगडं आलं. आत मेंढ्यांचा वास, अंधार, आणि मिशेरीनं काळं पडलेलं बानाबाईचं बोट. "ओढू नको. वरून दाबत खाली ये. आस्सं."

दूध आलं. कळ उतरली तसं तिला बरं वाटलं, आणि परक्या बाईच्या बोटाखाली बरं वाटलं याचीही किळस आली.

वाटी फळीवर ठेवून, "मावशी, हिच्यावर लक्ष ठेवा. सेलूला झाडाला घालते," असं सांगून ती डब्याच्या दुसऱ्या टोकाच्या बेसिनवर गेली. करंगळीएवढ्या धारेखाली कोपरापर्यंत हात घासले.

परतली तेव्हा भिकन मान मागं टाकून बसला होता. बानाबाई पदराचं टोक वाटीत बुडवून त्याच्या डोळ्यांत पिळत होती. पापणीवरचं पिवळं टोकाला लागलं. टोक पुन्हा वाटीत गेलं.

 सायलीनं बर्थची साखळी धरली. "मावशी, विचारायचं तरी."

"टाकूनच देणार व्हतीस नं? बाळंतिणीच्या दुधानं डोळं निवतेत."

"असं नसतं काही. डॉक्टरकडं न्या त्यांना."

"तिकडंच चाललाव, हैदराबादला. तवर आग तरी थांबंल. काय ओ?"

"गार वाटतंय," भिकन म्हणाला. दूध त्याच्या गालावरून दाढीच्या खुंटांत उतरत होतं. सायलीनं नजर वळवली.

सेलूला गाडी थांबताच ती वाटी दोन बोटांत धरून उतरली. फलाटाच्या कडेच्या लिंबाच्या बुडाशी तिनं उरलेलं दूध ओतलं. त्यात पिवळा तंतू तरंगत होता.

खिडकीतून बानाबाई म्हणाली, "वाटी धुऊन आण गं."

वाटी तिथंच टाकून द्यावी असं सायलीला फार वाटलं. पेला गेला होता, आणि तीन तासांनी पुन्हा हीच वेळ येणार होती. तिनं पर्समधून साबणाची वडी काढली आणि नळाखाली वाटी घासली. वास घेतला. मग पुन्हा घासली, गाडीची शिट्टी होईपर्यंत.