बाराशे सत्तरवरचं शिखर

भिंतीवरच्या आलेखात बाराशे सत्तर नॅनोमीटरवर एक शिखर आहे. अर्ध्या उंचीवर त्याची रुंदी साडेतीन नॅनोमीटर भरते. ऑक्सिजनचं खरं शिखर याच्या चौपट-पाचपट पसरट असतं. दोन वर्षं तो आलेख माझ्या गाइडच्या, दीनानाथ सरांच्या खुर्चीमागे आहे आणि येणारा प्रत्येक पाहुणा त्याच्या सुबकपणाचं कौतुक करून गेला आहे.

आलेख मी काढलेला आहे.

आमचं काम सांगायला सोपं. सिलिकॉनच्या नॅनोकणांवर लाल लेसर टाकायचा. कण ती ऊर्जा क्षणभर धरून ठेवतो आणि पृष्ठभागाला ऑक्सिजनचा रेणू टेकलेला असेल तर त्याला देऊन टाकतो. असा चेतलेला ऑक्सिजन कर्करोगाची पेशी मारू शकतो. काहीच हाती लागलं नाही, तर बाराशे सत्तरवर अगदी क्षीण प्रकाश सोडून शांत होतो. तो प्रकाश दिसला म्हणजे ऊर्जा पोचली.

आमचा लेसर सहाशे पस्तीसचा. कणांवरून विखुरलेल्या लेसरचं एक खोटं प्रतिबिंब यंत्रात बरोबर दुपटीच्या जागी, म्हणजे बाराशे सत्तरवरच उमटतं. ते अडवायला फिल्टर लावतात. वहीत मी ‘फिल्टर लावला’ असं लिहिलं होतं, आदल्या दिवसाच्या नोंदीसारखंच, सवयीनं. कण नसलेल्या पाण्यात शिखर आलं नाही, म्हणून सगळ्यांची खात्री पटली आणि पेपर छापून आला. नितळ पाण्यात लेसर विखुरतच नाही, हे कुणाच्याच मनात आलं नाही.

सात महिन्यांपूर्वी मी नमुन्यात आर्गॉन वायू सोडून ऑक्सिजन हाकलून दिला. शिखर जायला हवं होतं. ते तसूभरही हललं नाही. मग फिल्टर लावला, ते गेलं. ऑक्सिजन परत सोडला. रेघ सपाटच राहिली, म्हणजे ऊर्जा पोचलीच नव्हती.

सरांना सांगायचं, पण आधी प्रबंध जमा होऊ दे, म्हटलं. मग तोंडी परीक्षेची तारीख ठरली. मग सरांच्या निवृत्तीला वर्ष उरलं. लेसरच्या खोलीला खिडकी नाही, भिंतींना काळं कापड आहे. बाहेरचा लाल दिवा लागला की कुणी दार उघडत नाही. त्या महिन्यांत लेसर बंद असतानाही मी तो दिवा लावून आत बसायचे.

बाबा खडकवासल्याला धरणाची पाणीपातळी नोंदवायचे. मागच्या रविवारी वारज्याला घरी गेले होते, तेव्हा विचारलं, “बाबा, कधी आकडा अंदाजानं भरलात?”

“धुक्यात पट्टी दिसली नाही की रकाना मोकळा सोडायचो. साहेब ओरडायचे. ओरडू देत.” त्यांनी चष्मा वर केला. “का गं?”

“सहज.”

मंगळवारी सरांच्या खोलीत बैठक होती. चैताली माझ्या मागून आलेली विद्यार्थिनी. चौदा महिने ती आमच्या कणांनी पेशी मारायचा प्रयत्न करते आहे.

“सर, या वेळी पण सेमच. लाइट दिला काय, न दिला काय. पेशी मरतच नाहीयेत.”

“वा,” सर म्हणाले. “इन्क्युबेटर बंद पडला तेव्हा त्याच पेशी न सांगता मेल्या होत्या. मारायला घेतल्या की बऱ्या जगतात.”

चैताली हसली नाही. तिनं फाइलमधून एक फॉर्म काढून टेबलावर ठेवला. “माझा हातच नाही या कामाला, सर. या उत्कर्षाताईंना पहिल्याच फटक्यात सिग्नल मिळाला. मला पीएचडी सोडायचीय. सही हवी होती.”

सरांनी फॉर्म वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. “तू बसली होतीस ना हिच्याबरोबर? कुठे चुकतं हिचं?”

तीन वेळा बसले होते. दुपारी सगळे जेवायला गेले की ती पिपेटमध्ये रंगीत पाणी घेऊन हाताला वळण लावत बसते, हेही मी पाहिलं होतं. तिचा हात माझ्याहून स्थिर आहे.

“काही चुकत नाही,” मी म्हणाले.

“मग बाई, पेशींना जाऊन विचारू का?” त्यांनी पेनचं टोपण काढलं. “जाऊ दे. जबरदस्तीनं संशोधन होत नाही.”

पेन कागदाला टेकलं. त्यांच्या डोक्यामागे ते शिखर होतं, सरळ, सुईसारखं.

“सर, सही करू नका.”

“का?”

चैतालीही वळून माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडेच बघून बोलायला लागले.

“तो सिग्नल ऑक्सिजनचा नाही. लेसरचा आहे. फिल्टर मी लावलाच नव्हता आणि हे मला सात महिने माहीत आहे. चैतालीचा हात ठीक आहे, सर. आपला पेपर मागे घ्यायचा. मी आजच जर्नलला पत्र लिहिते.”