एकटीची सही

“म्हणजे आता माझी सही लागणार नाही?” सेमिसीनं बँकेच्या खिडकीतल्या बाईला दुसऱ्यांदा विचारलं.

“नाही लागणार. मुलगी अठराची झाली. या कागदावर तुम्ही सही केलीत, की खातं तिचं एकटीचं. मग तुम्हीसुद्धा हात लावू शकणार नाही.”

“मीसुद्धा?”

“तुम्हीसुद्धा.”

“मग आणा ते पेन इकडं!”

त्यानं अशी काही झटक्यात सही ठोकली, की मागं रांगेत उभ्या असलेल्या बायका हसायला लागल्या. त्याची मुलगी मेलेनाइते लाजून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली.

सेमिसी आमच्या बेटावरच्या नेइआफू बंदराच्या धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. सव्वीस वर्षं तेच काम. निम्मी गिऱ्हाइकं मजुरी म्हणून मासे द्यायची, उरलेली कंदमुळं आणून टाकायची, आणि चुकून रोख हातात पडलीच तर ती संध्याकाळपर्यंत टिकत नसे. कुणाचं मयत, कुणाचं लग्न, कुणाच्या पोराचं बोटीचं तिकीट. समोरचा मागायचा आणि सेमिसी द्यायचा. नाही म्हणणं त्याला कधी जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्या गावात ते कुणालाच जमत नाही.

म्हणून तीन वर्षांपूर्वी बँकेची एक बाई शाळेत येऊन बचतीवर बोलून गेली आणि पोर डोक्यात ते खूळ घेऊन घरी आली, तेव्हा त्यानं तिची यथेच्छ टिंगल केली होती.

“नुसते पडून राहिले तरी पैसे वाढतात?”

“वाढतात, बाबा.”

“डुकरिणीसारखे?”

“तसंच समजा. तिला पिल्लं होतात, मग त्या पिल्लांना पिल्लं होतात. फक्त डुकरीण कापून खायची नाही.”

“आणि पाहुणे आले तर?”

“तरी नाही.”

“अवघड आहे गं,” सेमिसी म्हणाला होता. त्याला ते खरंच अवघड वाटलं होतं.

पोरीनं मात्र करून दाखवलं. बंदरात परदेशी लोकांच्या शिडाच्या होड्या येऊन थांबत, त्यांचे कपडे ती धुवायची. पैसे हातात आले की आधी बाजूला टाकायचे आणि उरतील त्यात भागवायचं, हे तिचं गणित. सुरुवातीला आठवड्याला सहा पाआंगा, मग दहा, मग पंधरा. मैत्रिणी गावात आइस्क्रीम खात फिरायच्या, तेव्हा ही साबणाचा तुकडा चपटा होईपर्यंत घासत बसलेली असायची. तीन वर्षांत सतराशे चाळीस जमले. राजधानीतल्या नर्सिंग शाळेत तिला जागा मिळाली होती आणि पहिल्या वर्षाची फी जानेवारीच्या पंधरा तारखेच्या आत भरायची होती. न भरल्यास जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

आणि त्याच्या आधी डिसेंबरात चर्चची वर्षाची देणगी होती. त्या दिवशी भर चर्चमध्ये एकेका घराचं नाव पुकारतात, घरवाले पुढं जाऊन परातीत पैसे टाकतात, ते तिथंच मोजतात आणि आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचतात.

आठवडाभर आधी सेमिसीची थोरली बहीण सिसिलिया घरी आली आणि चटईवर ऐसपैस बसली. आमच्याकडे थोरल्या बहिणीपुढे भाऊ तोंड उघडत नाही. सेमिसीनंही पन्नास वर्षांत उघडलं नव्हतं.

“गेल्या साली हजार टाकले आपण,” ती म्हणाली. “यंदा पंधराशेच्या खाली नको. पुकारतात ते माझ्या बापाचं नाव आहे.”

“गेल्या सालचे मी उसने आणले होते, ताई.”

“मग यंदा उसने नको आणूस. पोरीचे आहेत ना बँकेत?”

आत भांडी घासत असलेल्या मेलेनाइतेचा हात थांबला.

“ते माझ्या सहीनं निघत नाहीत,” सेमिसी म्हणाला. खरं बोलून सुटता येतं, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. “आणि निघाले असते तरी मी काढले नसते.”

“काय म्हणालास?”

“यंदा मी दोनशे टाकणार. जवळ आहेत तेवढे.”

“दोनशे! अरे, तो दारुडा पेनी अडीचशे टाकतो. लाज कशी वाटत नाही तुला?”

“वाटेल. वाटू दे.”

चहाला हात न लावता सिसिलिया उठून गेली. रात्री सेमिसीला जेवण गेलं नाही, पण पोरीच्या फीला धक्का लागला नाही, एवढ्यावर त्याला झोप लागली.

शुक्रवारी मेलेनाइते धुतलेल्या कपड्यांचं बोचकं घेऊन गावात गेली. ती दर शुक्रवारी जायची, म्हणून त्यानं काही विचारलं नाही.

रविवारी त्याच्या घराचं नाव पुकारलं गेलं. चर्चला जाताना कपड्यांवरून कमरेला गुंडाळतात ती चटई सावरत सेमिसी पुढं गेला आणि त्यानं दहा नोटा परातीत ठेवल्या. “दोनशे,” मोजणाऱ्यानं वाचलं. चार-दोन टाळ्या पडल्या, त्याही पाद्रींनी सुरू केल्या म्हणून. मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं, कुणीतरी हसलं. मान खाली घालून तो जागेवर परतला. कान तापले होते, पण आत कुठंतरी त्याला हलकं वाटत होतं. झालं. एवढंच होतं ते. माणूस मरत नाही त्यानं.

“याच घरातून आणखी,” मोजणारा म्हणाला.

सेमिसीनं वर पाहिलं. मेलेनाइते पांढऱ्या कपड्यांत, हातात पाकीट धरून पुढं चालली होती. तो अर्धा उठलाही, पण उठून करणार काय होता? देवापुढं ठेवायला निघालेल्या पोरीचा हात भर चर्चमध्ये कसा धरणार? पाकीट परातीत पडलं. मोजायला बराच वेळ लागला.

“सतराशे! एकूण एकोणीसशे पाआंगा!”

चर्च दणाणलं. सिसिलिया जागेवरून उठली आणि रडत रडत, हात उडवत, भाचीभोवती नाचायला लागली. बायका तिला टाळ्यांनी साथ देऊ लागल्या. सेमिसीची सही खात्यावर असती, तर बँकेतल्या बाईनं त्याला बोलावून घेतलं असतं. हौसेनं, लोकांना हसवत, त्यानंच ती काढून टाकली होती.

“उठा,” बायको सेलू त्याच्या कानाशी म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. “लोक बघतायत.”

तो उठला. लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

बाहेर झाडाखाली मेलेनाइते त्याच्याजवळ आली.

“तुम्ही मान खाली घालून चाललेलं मला बघवलं नसतं, बाबा. आत्या गावभर काय काय बोलत फिरत होती. नर्सिंगचं काय, पुढच्या वर्षी बघू. कपडे काय, धुवायला आहेतच की.”

ती मान मी तुझ्यासाठीच खाली घातली होती गं, असं त्याला ओरडून सांगायचं होतं. सांगितलं असतं तर पोर तिथंच कोसळली असती.

“चुकलं का माझं?” तिनं विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “मोठं काम केलंस.”

देणगीनंतरच्या चर्चच्या जेवणाला त्या वर्षी त्याला पाद्रींच्या शेजारी, वरच्या पंगतीत बसवलं. आजवर तो भिंतीकडेला बसायचा. समोर नारळाच्या दुधात शिजवलेला मासा आला, भाजलेला कंद आला. पाद्री त्याच्या पाठीवर थाप मारून मुलीचं कौतुक करत होते आणि तो मान डोलवत एकेक घास गिळत होता. मेलेनाइते त्याच्या मागं उभी राहून पंख्यानं माश्या वारत होती. पान रिकामं झालेलं पाहून ती वाकली.

“बाबा, आणखी वाढू?”

“वाढ,” सेमिसी म्हणाला.