हाराआडचा काटा

"बोला, अग्निनारायण महाराज की जय!" दीडशे कामगारांनी अनवाणी उभं राहून जयजयकार केला आणि बॉयलरच्या बंद दारापुढे हात जोडले. इंदापूरकडच्या आमच्या साखर कारखान्यात तांब्याच्या नळ्या चोरीला गेल्या होत्या. चोर पोलीस शोधणार नव्हते, बॉयलर शोधणार होता.

महाराजांना आणलं होतं स्टोअरचे प्रमुख सर्जेराव यांनी. महाराज माइकवर गरजत होते, "अग्नीला वशिला चालत न्हाय, युनियन चालत न्हाय! पाप्यानं दार उघडलं की अग्नीची जीभ भायेर आलीच म्हणून समजा!"

महाराज नाव पुकारत, शंख फुंकत. मग त्या माणसाने भट्टीचं दार उघडायचं. जाळ आत राहिला तर तो निर्दोष. चौघे तसे सुटले होते.

मी इथला हजेरी मांडणारा टाईमकीपर. चहाच्या टपरीवर असल्या बुवांची टिंगल करण्यात माझा हात कुणी धरणार नाही, पण त्या दाराशी मीही हात जोडून उभा होतो. दोन वर्षांपूर्वी याच महाराजांच्या अशाच परीक्षेत आमच्या लखन नावाच्या कामगाराच्या तोंडावर तिथेच जाळ आला होता. अर्धा चेहरा भाजला, तरी तो ओरडत होता, "म्या न्हाय घेतलं!" त्याच संध्याकाळी मस्टरवरचं त्याचं नाव मीच तांबड्या शाईने कापलं.

"बिरू!" महाराजांनी पुकारलं.

बिरू आमचा फायरमन. माझ्याजवळून जाताना तो थांबला. "तात्या, माझ्या आईला सांगा, म्या चोर न्हाय."

मी नुसती मान हलवली. लाज वाटते सांगायला, पण तेवढंच केलं.

शंख वाजला. बिरूने दाराच्या दांड्याला हात घातला, तोच प्रियदर्शनी मॅडमनी त्याला दंड धरून मागे ओढलं. सांगवीची ही मुलगी याच हंगामात बॉयलर इंजिनिअर म्हणून आली होती.

"पोरी, अग्नीच्या आड येऊ नगं! भस्म होशील!"

"आड येत नाही महाराज. हार काढतेय."

लोक चरकले. बॉयलर पेटवायच्या प्रदीपन-पूजेला प्रत्येक गेजच्या तबकडीला झेंडूचा हार घालायचा आणि गळीत सुरू होईपर्यंत तो काढायचा नाही, ही आमची जुनी पद्धत. मॅडमनी भिंतीवरच्या गेजचा सुकलेला हार उपसून टाकला. खाली तबकडी होती आणि तिचा काटा शून्य ओलांडून वर चढत होता. बंद दाराच्या फटीतून काळा धूर फुसफुसू लागला.

"हा भट्टीतल्या हवेचा दाब. मागचा मोठा पंखा धूर ओढून धुराड्यात सोडतो, म्हणून काटा शून्याच्या खाली असतो. तेव्हा दार उघडलं तर बाहेरची हवा आत जाते. पंख्याच्या वाटेतली झडप आवळली की धूर कोंडतो, काटा वर जातो आणि जाळ दारातून बाहेर येतो." मॅडम सगळ्यांकडे वळल्या. "बिरूने दार उघडलेलं नाही. मग काटा कुणी चढवला?"

मॅडमनी जाऊन शेजारच्या पॅनेल रूमचं दार ढकललं. आत सर्जेराव उभे होते, कान माइकवरच्या नावाकडे नि शंखाकडे आणि हात झडपेच्या बटनावर.

"महाराज, आता तुम्हीच दार उघडा. तुमच्या मनात तर पाप नाही ना?"

महाराजांनी काट्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि शंख तिथेच टाकून जिना गाठला. नळ्या पुढे पोलिसांना सर्जेरावांच्या शेडात सापडल्या.

दुसऱ्या दिवशी मी भिगवणला गेलो. लखन तिथल्या एका हॉटेलच्या मागच्या बाजूला मासे साफ करत होता, उपरण्याने अर्धं तोंड झाकून. मी सगळं सांगितलं. त्याने हातातला मासा खाली ठेवला.

"तात्या, तवा दीडशे माणसं हुती तितं. हार एकानंबी का न्हाय काढला?"

त्याच्या त्या प्रश्नासाठीच हे लिहितो आहे. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी हार बाजूला करा आणि काटा बघा. आपण बघत नाही तेव्हा भाजतो तो दुसराच कुणीतरी.