फरक नाय, असं लिव

डॉक्टर वैदेही इतकी गोड पोरगी, की तिला नाही म्हणायला जीभच वळू नये. फुफ्फुसाच्या जुनाट दुखण्यात मधूनच उसळणारी धाप सुया टोचून आटोक्यात येते का, याची चाचणी ती वाशीच्या एका इस्पितळात घेत होती. अर्ध्या रुग्णांना खऱ्या सुया, अर्ध्यांना न टोचणाऱ्या नकली. कुणाला कुठल्या, ते रुग्णांना सांगायचं नाही. औषधं सगळ्यांची चालूच. आज सहा आठवडे झाले होते आणि फरक पडला का, ते प्रत्येकाने सांगायचं होतं.

"छान फरक आहे म्हणायचं," बाकावर महापे गावचे कमळाकर मास्तर सगळ्यांना पढवत होते. "पोरगी एवढी राबते. आणि नाही म्हटलं तर हे बंद करतील, मग बसा धापा टाकत!"

पावणे गावच्या काशीबाईंना या सहा आठवड्यांत दोनदा ऑक्सिजनवर ठेवावं लागलं होतं. फरक कसला, कपाळ!

"आई, म्हणून टाका ना," सून संध्या कानाशी लागली. "आपलं काय जातंय?"

काशीबाईंच्या मस्तकात तिडीक गेली. काय जातंय? त्यांचा नवरा किसन गावाजवळच्या कारखान्यात रंगाची भुकटी उपसायचा. दर वर्षी कंपनीचा डॉक्टर छाती तपासायचा आणि किसन हसून सांगायचा, बरा हाय साहेब. साहेबाला वाईट वाटू नये, नोकरी जाऊ नये. माणूस खोकून खोकून मेला. काशीबाई भांडायला गेल्या, तर कंपनीने 'बरा हाय'चे तेवीस वर्षांचे कागद त्यांच्या तोंडावर मारले.

नाव पुकारलं. काशीबाई दम खात आत गेल्या.

"काय आजी, श्वासात फरक पडला का?"

"नाय. दोनदा दम उठला, तो पन लिव."

वैदेहीचा चेहरा उतरला. काशीबाईंना वाईट वाटलं, पण त्या हटल्या नाहीत.

"लिवलास? आता वाचून दाव."

वैदेहीने शब्द न् शब्द वाचला. मग काशीबाईंनी अंगठा असा दाबला, की टेबल हललं.

बाहेर मास्तर, दारातून सगळं ऐकून, तोंड फिरवून बसले होते. काशीबाई त्यांच्यापुढेच उभ्या राहिल्या. "मास्तर, तुमाला खरंच बरा वाटतंय?"

मास्तरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. काही केल्या थांबेना. काशीबाई शेजारी बसून त्यांची पाठ चोळत राहिल्या.

"आता आत जावा," त्या म्हणाल्या, "आनि ह्योच सांगा."