मोहरीचा चौऱ्याण्णव

पहिलीच्या बाई गेली कितीतरी वर्षं हंगामी होत्या. वर्ष संपलं की शाळेला सुट्टी लागे आणि बाईंची नोकरी जाई. शाळा उघडली की नोकरी पुन्हा उगवे. घरी धाकटी जाऊ पोस्टात कायम होती. सासूबाईंनी दोघींची तुलना कधी बोलून दाखवली नाही. फक्त पाहुण्यांना ओळख करून देताना सुरुवात धाकटीपासून व्हायची. हा क्रम बाईंच्या जिव्हारी लागे. म्हणून यंदा तपासणीच्या साहेबांचा शेरा चांगला आला तर कायम करू, असं कळल्यावर त्यांनी कंबर कसली. धडाही साहेबांनीच ठरवून दिला होता: संख्या लहान-मोठ्या ओळखणं आणि क्रमाने लावणं.

बाई शिकवायच्या मनापासून, हे मान्य करायला हवं. त्यांनी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले, सुट्या काड्या वेगळ्या ठेवल्या. "आधी गठ्ठे बघायचे. ज्याचे गठ्ठे जास्त, तो मोठा. गठ्ठे सारखे निघाले तरच सुट्यांकडे वळायचं." पोरांना हे पटायचं, आणि दुसऱ्याच दिवशी कुणीतरी छातीठोकपणे सांगायचं की एकोणतीस हे एकतीसपेक्षा मोठे, कारण त्यात केवढा तरी नऊ आहे!

शेवटी बाईंनी कार्डं केली. प्रत्येकाच्या गळ्यात एक संख्या. टाळी वाजली की लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत उभं राहायचं. पहिल्या तालमीत थोडी ढकलाढकल झाली, पण रांग बरोबर लागली. दिसायला मात्र पडक्या दातांसारखी: उंच, बुटका, बुटका, उंच. साहेबांसमोर हे असलं ध्यान कसं दिसेल? बाईंनी कार्डं बदलली. अख्खा वर्ग जिला मोहरी म्हणायचा त्या सगळ्यात ठेंगण्या पोरीला सात, आणि शिडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लंब्या पोराला चौऱ्याण्णव. मधले सगळे उंचीप्रमाणे. आता रांग अशी लागे की बघत राहावं, आणि एकदाही कुणी चुकेना. बाई खूश झाल्या. पोरं गठ्ठे बघताहेत की एकमेकांची डोकी, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.

साहेब आले. मागोमाग चहाचा कप सांभाळत मुख्याध्यापिका. टाळी वाजली, रांग झकास लागली.

"पाठ करून घेतलंय, की खरंच येतंय?" साहेब हसत म्हणाले. त्यांनी सगळी कार्डं काढून घेतली, पत्ते पिसावेत तशी पिसली आणि हाताला येतील तशी पोरांच्या गळ्यात घातली. "आता लावा बघू." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते व्हरांड्यात गेले. मुख्याध्यापिकाही अदबीने त्यांच्यामागे गेल्या.

 बाईंनी टाळी वाजवली. पोरं धावली आणि बघता बघता रांग लागली. तीच रांग! बुटक्यांपासून उंचांपर्यंत, गळ्यात मात्र बावन्न, अकरा, ऐंशी, वाटेल ते. एकटी मोहरी पार शेवटी, शिडीच्याही पलीकडे जाऊन उभी होती.

"ए, पुढे जा की. तू सगळ्यात लहान," शिडी म्हणाला.

"माझा चौऱ्याण्णव आहे. नऊ गठ्ठे. तुझे तीनच."

शिडीने कार्डाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "पण तू लहान आहेस ना!"

बाईंनी ऐकलं आणि त्यांना भरून आलं. हिला येतंय! आपण शिकवलेलं या एवढ्याशा पोरीला खरंच येतंय! तिला उचलून कडेवर घ्यावं असं त्यांना वाटलं. पण व्हरांड्यातून "बरं, ठेवतो" असं ऐकू आलं. सगळी रांग नव्याने लावायला वेळ नव्हता, आणि ही एक पोर बाकी सगळ्यांची चूक उघडी पाडणार होती. बाईंनी तिचं कोपर धरलं आणि तिला रांगेच्या सुरुवातीला आणून उभं केलं.

"बाई, पण माझे नऊ..."

"इथेच. गप्प उभी राहा."

मोहरीने कार्डाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि कार्ड उलटं करून कोरी बाजू वर ठेवली.

साहेब दारातच थांबले. कपाळावर चढवलेला चष्मा कपाळावरच राहिला. समोर पोरांची डोकी पायरीपायरीने चढत गेली होती. "वा! चढता क्रम म्हणतात तो हा," ते मुख्याध्यापिकांना म्हणाले. "कार्डं पिसली तरी जराही गडबड नाही. यांना कायम करायला माझी काहीच हरकत नाही." मुख्याध्यापिकांनी जोरजोरात मान डोलावली.

त्या संध्याकाळी शेजारच्या नव्या भाडेकरीण आल्या, तर सासूबाईंनी ओळख थोरलीपासून करून दिली. बाईंना रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी मोहरीला बोलावलं. वर्गात दोघीच होत्या. बाईंनी फळ्यावर सात आणि चौऱ्याण्णव लिहिले आणि तिच्याशेजारी बाकावर बसल्या.

"सांग बघू राणी, यातली मोठी संख्या कोणती?"

मोहरीने फळ्याकडे बघितलंच नाही. ती उठली, दारापाशी गेली, व्हरांड्यात दोन्ही बाजूंना डोकावून आली आणि हळूच म्हणाली, "आधी सांगा बाई, साहेब गेले की आहेत?"