सोमवारचा वास

दर सोमवारी मी कामावरून आले की बाबांच्या जुन्या गाडीतून पेट्रोलचा वास यायचा आणि बुधवारपर्यंत विरून जायचा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला साफ मनाई केली होती. किल्ली तीन महिने माझ्या कपाटात होती. तरी त्या वासाने मला शंका यायची.

शेवटी मेकॅनिकला बोलावलं. कार्बुरेटर, पंप, सगळं कोरडं. मग डिकीतला गालिचा उचलून तो म्हणाला, "सापडलं, ताई. पेट्रोल भरायची नळी वरून तडकलीय. पण टाकी काठोकाठ भरली तरच इथून गळणार. कोण भरतं?"

"कोणी नाही. गाडी जागची हलत नाही," म्हणत मी बाबांकडे पाहिलं. ते एकदम कुंडीतली वाळकी पानं खुडू लागले.

"बाबा, दुसरी किल्ली आहे ना तुमच्याकडे? कुठे जाता?"

"कुठे जाणार? पंपावर. टाकी भरतो आणि परत येतो."

"रिकामी होते कशी?"

"पंपावर जाण्यायेण्यात जळतं ना पेट्रोल!"

मेकॅनिक हसू दाबायला डिकीत वाकला. मला हसू आलं नाही. पंपाच्या वाटेवर शाळा आहे.

मी हात पुढे केला. "यापुढे मी चालवणार. तुम्ही शेजारी बसायचं."

"तुला क्लच झेपत नाही," असं पुटपुटत त्यांनी चष्म्याच्या डबीतून किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. सोडली मात्र जरा वेळाने.