सात नंबरच्या मावशी

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्डर आहे. मुठीत मावेन एवढाच, पण कान माझे तिखट. माझ्या मालकिणीने मला विकत घेतले, तेव्हा ती दोन विषयांत मिळून एकच डॉक्टरेट करत होती. व्यवस्थापनाचे सर म्हणत, आकडे दाखव. समाजशास्त्राच्या मॅडम म्हणत, माणसे दाखव. एका सुनेला दोन सासवा, असे म्हणून तिची आई हसायची. मालकीण मात्र दोघांचीही मर्जी राखून होती.

कपडे शिवण्याच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत ती मला बाकावर ठेवून बायकांशी बोलायची. नाव कुठेही येणार नाही, असा शब्द ती प्रत्येकीला द्यायची. घडी घालणाऱ्या मावशी आधी ताकास तूर लागू देत नव्हत्या. मग एकदा बोलायला लागल्या त्या थांबेचनात. आत बायका काम करत असताना मागच्या दाराला बाहेरून कुलूप असते, आग लागली तर पळायचे कुठून, असे त्यांनी सांगून टाकले. ते ऐकून, आवाज किती स्वच्छ आला आहे, असे मॅडम म्हणाल्या आणि मी फुशारून गेलो.

मालकिणीने शब्द पाळला. नावांऐवजी नंबर दिले. सरांसाठी केलेल्या तक्त्यात सात नंबर म्हणजे घडी विभागातली सर्वांत जुनी कामगार. मॅडमसाठी लिहिलेल्या निबंधात सात नंबरचे कुलपाविषयीचे बोलणे. वेगवेगळे वाचले, तर कोणाला काही कळले नसते. पण विद्यापीठातल्या दोन्ही विभागांची बैठक एकत्र झाली, कारखान्याचे मॅनेजर पाहुणे म्हणून आले आणि दोन्ही कागद त्यांच्या हातात पडले.

पुढच्या आठवड्यात घडीच्या टेबलाशी दुसरीच बाई उभी होती. मालकीण मला पर्समध्ये टाकून तडक मावशींच्या घरी गेली.

“तू नाव लिहिणार नव्हतीस ना?” मावशींनी विचारले.

“नाही लिहिलं, मावशी.”

“मग साहेबांनी नेमकं मलाच कसं बोलावलं?”

मालकिणीच्या डोक्यात तेव्हा कुठे ते दोन कागद शेजारी शेजारी आले. तिच्या तोंडचे पाणी पळाले. मीसुद्धा हबकलो. एवढी शिकलेली माणसे त्या बैठकीत होती, एकाच्याही हे ध्यानात येऊ नये?

“यंत्र काढ,” मावशी म्हणाल्या. “आता लपवून काय उरलंय? माझं पूर्ण नाव घे आणि कुलपाचं परत लिही.”

मग त्यांनी वडिलांचे नाव, आडनाव, सगळे मोठ्याने सांगितले.

घरी येऊन मालकिणीने बाकी सगळ्या बायकांचे आवाज पुसून टाकले. सर चिडले. डॉक्टरेट लांबली. आता माझ्यात एकच आवाज आहे.

मित्रांनो, कोणी विश्वासाने काही सांगू लागले, तर ते आपल्याला सांभाळता येईल का, हे आधी बघा. मालकीण दर रविवारी फोन करून विचारते. मावशींना अजून काम मिळालेले नाही.